आकाशातला दिवा कोणाचा? लष्कर याचा शोध कसा घेतं

ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या परिसरात आपल्या जवानांनी आकाशातल्या अनोळखी दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांतल्या १५५ वेळा तो दिवा प्रत्यक्ष ताबा रेषा ओलांडून आपल्या हद्दीत आला, असंही नोंदवलं गेलं. वर्णनं बरीचशी सारखी होती. एक पिवळसर गोळा पलीकडच्या क्षितिजावरून वर येतो, तीन ते पाच तास संथपणे आकाशातून सरकतो आणि मग दिसेनासा होतो. संशय चीनच्या टेहळणी ड्रोनवर गेला, आणि त्या भागात तो जाणं अगदी स्वाभाविक होतं. त्या वेळच्या बातम्यांनुसार सरोवराजवळ फिरतं रडार नेलं गेलं, रेडिओ लहरी तपासणारं यंत्रही नेलं. डोळ्यांना दिवा स्पष्ट दिसत होता, पण रडारच्या पडद्यावर काहीच उमटत नव्हतं.

शेवटी लष्कराने बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेतली. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येच, हानले इथे आहे. खगोलशास्त्रज्ञांनी त्या दिव्यांची जागा आजूबाजूच्या ताऱ्यांच्या संदर्भात कशी बदलते हे तपासलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास दिसणारा दिवा हा गुरू होता आणि पहाटे चारच्या सुमारास दिसणारा शुक्र.

जुलै २०१३ मध्ये ही बातमी बाहेर आली तेव्हा पुष्कळांनी जवानांची थट्टा केली. मला ती थट्टा तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. त्या चौकीवरून आकाश कसं दिसत असेल ते बघा. सरोवर समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंचावर आहे. हवा विरळ, कोरडी, धुळीचा मागमूस नाही. अशा हवेत ग्रह मैदानी शहरातून दिसतात त्यापेक्षा कितीतरी झळझळीत दिसतात. त्यात ३ डिसेंबर २०१२ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत होता. अशा वेळी तो वर्षातला सर्वांत तेजस्वी असतो, सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो आणि रात्रभर पश्चिमेकडे सरकत राहतो. शुक्र त्या महिन्यांत पहाटेच्या आकाशात होता, आणि चंद्र सोडला तर रात्रीच्या आकाशात शुक्राइतकं तेजस्वी नैसर्गिक काही नसतं. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तिथे चीनची बाजू पूर्वेला आहे. ग्रहतारेही पूर्वेलाच उगवतात. त्यामुळे त्या डोंगरांवरून वर येणारा प्रत्येक तेजस्वी ग्रह ‘पलीकडून निघून आपल्या हद्दीत शिरणारा’ दिसणारच. जवानाने जे पाहिलं ते त्याने खरं तेच लिहिलं होतं. चुकला तो अर्थ, आणि तो लावणं हे एकट्या पहारेकऱ्याचं काम नव्हे.

जगभरात लष्करांनी केलेल्या अशा तपासांकडे बघताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ‘परग्रहावरून कोणी आलं का’ हा लष्कराचा प्रश्न नसतो. त्याचे प्रश्न साधे आणि तातडीचे असतात. ही वस्तू कोणाची? किती लांब आहे? कुठे चालली आहे? तिच्यापासून धोका आहे का? या चारांतला दुसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि तो सुटल्याशिवाय बाकीचे सुटत नाहीत.

काळ्या आकाशातल्या एकाच ठिपक्याकडे बघून तो किती लांब आहे हे माणसाला सांगता येत नाही. कितीही अनुभवी वैमानिक असो. जवळच्या वस्तूंचं अंतर आपण दोन डोळ्यांच्या मदतीने जोखतो, पण काही मीटरांच्या पुढे ती युक्ती क्षीण होत जाते. मग आपण ओळखीच्या आकारांचा आधार घेतो: झाड एवढं दिसतंय म्हणजे इतक्या लांब असेल. दिव्याला तर आकारच नसतो. अंतर माहीत नसलं की खरा आकार कळत नाही आणि वेगही कळत नाही. समजा, एखादा दिवा दर सेकंदाला एक अंश सरकताना दिसतोय. तो एक किलोमीटरवर असेल तर त्याचा वेग ताशी साधारण ६३ किलोमीटर, म्हणजे छोटा ड्रोनही तेवढा पळेल. तोच दिवा शंभर किलोमीटरवर आहे असं धरलं तर वेग होतो ताशी सुमारे ६,३०० किलोमीटर, आणि मग ‘असं विमान जगात कोणाकडेच नाही’ अशी बातमी होते. डोळ्यांना दोन्ही वेळी दिसलेलं दृश्य अगदी एकच असतं.

यावर उपाय जुना आणि भरवशाचा आहे. एकाच क्षणी दोन ठिकाणांहून दिशा मोजायची. एकमेकींपासून पाच किलोमीटरवर दोन चौक्या आहेत असं समजा. दिवा समोर वीस किलोमीटरवर असेल तर दोन्हींच्या मोजमापांत सुमारे चौदा अंशांचा फरक पडेल. एवढा फरक साध्या होकायंत्रानेही सापडतो. आणि फरक शून्य आला तर? तर तो दिवा इतका दूर आहे की पाच किलोमीटर सरकल्याने काहीच बिघडत नाही. आगगाडीतून जाताना झाडं मागे पळतात आणि चंद्र मात्र आपल्याबरोबर येतो, त्याचं कारण हेच. ‘आम्ही गाडी पळवली तरी तो दिवा आमचा पाठलाग करत राहिला’ असं सांगणाऱ्यांच्या कथांमागे बऱ्याचदा शुक्र निघतो, तोही याच कारणाने.

नजरेच्या आणखी दोन सवयी इथे आड येतात. मिट्ट काळोखात एकच स्थिर ठिपका काही वेळ पाहत राहिलं की तो हलतोय, भिरभिरतोय असं वाटू लागतं, कारण डोळ्यांना टेकायला शेजारी दुसरं काहीच नसतं. लष्करी वैमानिकांना याचं शिक्षण मुद्दाम दिलं जातं. दुसरी गोष्ट म्हणजे क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि लाल, हिरवा, निळा असा लुकलुकतो. व्याधाचा तारा असा चमकताना पाहिला तर विमानाचे दिवे वाटावेत.

अंतराचा घोळ कॅमेऱ्यांनाही चुकत नाही. अमेरिकी नौदलाच्या लढाऊ विमानाने २०१५ मध्ये टिपलेलं एक चित्रण बरंच गाजलं. त्यात एक वस्तू समुद्राला जवळजवळ चिकटून भन्नाट वेगाने जाताना दिसते. नासाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २०२३ मध्ये पडद्यावरच्याच आकड्यांवरून भूमिती मांडली. वस्तू पाण्यालगत नव्हतीच, ती सुमारे १३,००० फुटांवर, म्हणजे साधारण चार किलोमीटर उंचीवर होती. वेग निघाला ताशी सुमारे ४० मैल. तेवढा तर त्या उंचीवर वाराच असतो. चित्रणातली धाव मुख्यतः विमानाची स्वतःची होती.

आता तपासाचा प्रत्यक्ष क्रम. नोंद आली की आधी घरचं तपासतात: त्या वेळी त्या भागात आपलं विमान, हेलिकॉप्टर, ड्रोन होतं का? लष्करी विमानांत ‘मित्र की शत्रू’ ओळखणारी यंत्रणा असते. जमिनीवरून सांकेतिक विचारणा जाते, आणि आपलं विमान असेल तर ते आपोआप ठरलेलं उत्तर देतं. प्रवासी विमानंही आपला क्रमांक आणि उंची कळवत असतात. ही यादी संपली की हवामान खात्याचे फुगे, मग उपग्रह, क्षेपणास्त्र चाचण्या, अवकाशातून परत येणारे अग्निबाणांचे तुकडे, उल्का आणि शेवटी ग्रहतारे. लडाखच्या प्रकरणानंतर मला वाटतं हा क्रम उलटा असावा. ग्रहताऱ्यांची तपासणी पाच मिनिटांत होते आणि तिला एक पैसाही लागत नाही.

प्रत्येक संशयिताची चाल वेगळी असते. उल्का काही सेकंदांत संपते. वातावरणात शिरणारा अग्निबाणाचा तुकडा उल्केपेक्षा बराच सावकाश जातो, मागे ठिणग्यांची रांग सोडत जातो आणि मिनिटभरही दिसू शकतो. उपग्रह लुकलुकत नाही, एकसारखा सरकतो आणि कधीकधी आकाशाच्या मधोमधच विझतो, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. २०१९ पासून स्टारलिंकच्या उपग्रहांच्या माळा सुरू झाल्या. नव्याने सोडलेले डझनावारी दिवे एका ओळीत जाताना पाहिले की कोणीही थबकेल. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे अलीकडे येणाऱ्या नोंदींपैकी बऱ्याच याच निघतात. पॅराशूटला बांधून सोडलेल्या लष्करी प्रकाशगोळ्यांची गंमत वेगळी. १३ मार्च १९९७ च्या रात्री दहाच्या सुमारास अमेरिकेतल्या फिनिक्स शहरावर दिव्यांची ओळ लटकलेली हजारोंनी पाहिली. ते सरावासाठी आलेल्या ए-१० विमानांनी दूरच्या लष्करी मैदानावर सोडलेले गोळे होते. हळूहळू खाली येत ते डोंगरामागे गेले आणि शहरातून एकामागून एक विझल्यासारखे दिसले.

रडार म्हणजे अंतिम सत्य, असं अनेकांना वाटतं. रडार रेडिओ लहरी सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंतर काढतं. म्हणजे डोळ्यांना न जमणारं नेमकं काम ते करतं. पण त्याच्याही खोडी आहेत. रात्री कधीकधी जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. या थरातून जाताना लहरी खाली वाकतात, जमिनीवरच्या वस्तूंना आपटून परत येतात आणि पडद्यावर आकाशात काहीतरी असल्याचं उमटतं. जुलै १९५२ मध्ये लागोपाठ दोन शनिवार-रविवारी वॉशिंग्टनच्या विमानतळावर पडद्यावर असे ठिपके दिसले, लढाऊ विमानं धाडली गेली, आणि २९ जुलैला हवाई दलाचे मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी पत्रकार परिषदेत हेच कारण सांगितलं. त्या रात्री पडद्यासमोर बसलेल्या काही जणांना ते कधीच पटलं नाही. रोजच्या अशा खोट्या खुणा आम्हाला ओळखता येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्यांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा वाटत नाही. सरावलेल्या माणसाची शंका ही सुद्धा नोंदच असते.

शिवाय रडार काय दाखवतं हे आपण त्याला काय लपवायला सांगितलंय यावरही ठरतं. आकाशातल्या प्रत्येक पक्ष्याची आणि ढगाची खूण दाखवली तर पडदा भरून जाईल, म्हणून फार संथ चालणाऱ्या वस्तू गाळल्या जातात. ४ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेने दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यापलीकडे चीनचा मोठा फुगा पाडला आणि त्यानंतर ही गाळणी सैल केली. १०, ११ आणि १२ फेब्रुवारी अशा सलग तीन दिवशी अलास्का, कॅनडाचा युकॉन प्रांत आणि ह्युरॉन सरोवर या ठिकाणी तीन वस्तू पाडल्या गेल्या. लोकांना वाटलं, आकाशात अचानक काय चाललंय! बदल मुख्यतः बघण्याच्या पद्धतीत झाला होता. त्या तीन वस्तू बहुधा खाजगी कंपन्यांच्या किंवा संशोधनाच्या फुग्यांसारख्या असाव्यात, असं नंतर राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनीच सांगितलं.

आता तपासातली सर्वांत अवघड गाठ: गुप्तता. कित्येकदा त्या दिव्याचं उत्तर लष्कराच्याच दुसऱ्या खोलीत असतं आणि ते बाहेर सांगायची मुभा नसते. १९५५ पासून अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान साठ हजार फुटांहून उंच उडू लागलं. त्या काळी प्रवासी विमानं याच्या निम्म्या उंचीवरही क्वचितच जात. खाली सूर्य मावळला तरी वीसेक मिनिटं त्या उंचीवर ऊन असतं. खालचा वैमानिक अंधारात आणि त्याच्या डोक्यावर कुठेतरी झगझगणारा ठिपका! नोंदी येऊ लागल्या. हवाई दलाचे तपास अधिकारी त्या नोंदी सीआयएकडच्या उड्डाणांच्या वेळांशी ताडून बघत, उत्तर त्यांना कळे, आणि पत्र पाठवणाऱ्या माणसाला मात्र दुसरंच काहीतरी सांगावं लागे. रशियातही तेच. २० सप्टेंबर १९७७ च्या पहाटे पेत्रोझावोद्स्क शहरावर जेलीफिशसारखं भव्य प्रकाशचित्र पसरलं. त्या वेळी प्लेसेत्स्क इथून कॉसमॉस-९५५ हा उपग्रह सोडला गेला होता, आणि प्लेसेत्स्कचा अवकाशतळ अस्तित्वात आहे हेच सोव्हिएत सरकारने तोवर कबूल केलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी विज्ञान अकादमी आणि संरक्षण मंत्रालय यांचा जोडतपास सुरू केला. बहुतेक नोंदींचं मूळ अग्निबाण आणि फुगे यांतच सापडलं.

अशी लपवाछपवी कोणाच्या तरी जिवावरही बेतू शकते. ७ जानेवारी १९४८ ला केंटकीमध्ये कॅप्टन थॉमस मँटेल हे आपल्या विमानातून आकाशातल्या एका चमकत्या वस्तूचा माग काढत वर वर गेले. विमानात प्राणवायूची सोय नव्हती. वीस हजार फुटांच्या वर बहुधा त्यांची शुद्ध हरपली आणि विमान कोसळलं. आधी सांगितलं गेलं की तो शुक्र होता, पण दुपारच्या उजेडात इतका ठळक शुक्र दिसणं कोणालाच पटेना. पुढे सर्वांत संभाव्य मानलं गेलेलं उत्तर म्हणजे नौदलाचा स्कायहूक नावाचा प्रचंड फुगा. तो प्रकल्प गुप्त होता. ते फुगे कसे दिसतात हे वैमानिकांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

घाईचं स्पष्टीकरणही असंच नुकसान करतं. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये अनेकांनी दलदलीवर दिवे पाहिले. हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी काही दिवसांतच पत्रकारांपुढे दलदलीतल्या वायूची शक्यता सांगितली. त्यावरून एवढा गहजब झाला की प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेलं. त्यानंतर कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्या हाताखाली स्वतंत्र अभ्यास झाला. या नोंदींच्या अभ्यासातून विज्ञानाच्या हाती फारसं काही लागणार नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला आणि डिसेंबर १९६९ मध्ये हवाई दलाने ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ हा आपला तपास बंद केला. तेव्हा १९४७ पासूनच्या एकूण नोंदी होत्या १२,६१८, आणि त्यांतल्या ७०१ समोर ‘अज्ञात’ असा शेरा होता.

या ७०१ आकड्याभोवती आजवर खूप लिहिलं गेलंय. साडेपाच टक्के म्हणजे थोडे नव्हेत, हे खरं. पण ‘अज्ञात’ हा शेरा नेमका कशाला लागतो ते पाहायला हवं. फ्रान्सच्या अवकाश संस्थेत १९७७ पासून हे काम बघणारा विभाग आहे, आज त्याचं नाव जेपाँ. तो प्रत्येक प्रकरण चार वर्गांत घालतो. ‘अ’ म्हणजे उलगडा नक्की. ‘ब’ म्हणजे उलगडा बहुधा बरोबर. ‘क’ म्हणजे माहितीच इतकी तोकडी की काही सांगता येत नाही. ‘ड’ म्हणजे माहिती चांगली आहे, तरी उलगडा होत नाही. माझ्या मते या साऱ्या विषयातली ही सर्वांत शहाणी वाटणी आहे. कारण सर्वसाधारण चर्चेत ‘क’ आणि ‘ड’ एकाच टोपलीत पडतात, आणि मग एक धूसर फोटो असलेली नोंद ही सुद्धा विज्ञानाला आव्हान म्हणून मिरवली जाते. ‘ड’ वर्गात उरतात त्या अगदी थोड्या नोंदी. अभ्यास करायचा तो त्यांचा.

अमेरिकेच्या गुप्तचर प्रमुखांच्या कार्यालयाने जून २०२१ मध्ये लष्कराकडच्या १४४ नोंदींवर अहवाल दिला. त्यांतल्या फक्त एकीचा खात्रीने उलगडा झाला होता. तो हवा निघत चाललेला एक मोठा फुगा होता. मथळ्यांमध्ये ‘१४३ रहस्यं’ असं आलं. अहवाल मात्र मुख्यतः माहितीच्या तुटवड्याबद्दल बोलत होता. लढाऊ विमानांवरची यंत्रं शत्रूचं विमान शोधण्यासाठी बनवलेली असतात, अनोळखी दिव्याचा अभ्यास करण्यासाठी नव्हे. शिवाय हसं होईल या भीतीने वैमानिक नोंदच करत नाहीत, असंही अहवालात स्पष्ट म्हटलं होतं. २०२२ मध्ये त्यांच्या संरक्षण खात्यात स्थापन झालेल्या ‘आरो’ या कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये १९४५ पासूनच्या सरकारी तपासांचा आढावा घेतला. परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा त्याला कुठेही मिळाला नाही.

ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने २००९ मध्ये आपला असा कक्ष बंद करून टाकला. पन्नासहून अधिक वर्षांत एकाही नोंदीतून देशाला धोका असल्याचं दिसलं नाही, हे त्यांचं कारण. तेव्हा ते पटण्यासारखं होतं. आता ड्रोनमुळे चित्र बदललंय. ८ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, असं आपल्या लष्कराने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या रात्री आकाशातला दिवा खरोखर शत्रूचा असू शकत होता. पहारेकऱ्याने दिवा पाहिला आणि हसतील म्हणून गप्प बसला, असं अशा वेळी होऊन चालणार नाही. तसंच रोज उगवणाऱ्या ग्रहामागे माणसं आणि यंत्रं महिनोन्‌महिने धावत राहिली, असंही होऊन चालणार नाही.

म्हणून नोंद कशी लिहायची हे शिकवणं सर्वांत महत्त्वाचं. डिसेंबर १९८० मध्ये इंग्लंडमधल्या रेंडलशॅमच्या जंगलात अमेरिकी हवाई दलाच्या लोकांनी दिवे पाहिले. तळाचे उपप्रमुख लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट यांनी त्यावर अधिकृत टिपण लिहिलं ते १३ जानेवारीला, आणि पहिल्याच घटनेची तारीख एका दिवसाने चुकली. नेमकी ती पहाट होती २६ डिसेंबरची, तीनच्या सुमारास दक्षिण इंग्लंडवर मोठी उल्का दिसली होती, आणि जंगलातून त्याच दिशेला किनाऱ्यावरचं दीपगृह दर पाच सेकंदांनी चमकत होतं. तारीख चुकीची असेल तर पडताळणारा माणूस भलत्याच रात्रीचं आकाश तपासत बसतो.

नोंदीत घड्याळातली वेळ मिनिटासह हवी. दिवा कोणत्या दिशेला होता आणि क्षितिजापासून किती वर, हे हवं. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, तेवढं मोजमाप कोणालाही जमतं. शेजारी कोणता ठळक तारा होता आणि अर्ध्या तासाने दिवा त्याच ताऱ्याच्या शेजारी होता का, हे हवं. ताऱ्यांबरोबर तासाला पंधरा अंश या गतीने तो पश्चिमेकडे सरकत असेल तर तो बहुधा आकाशातलाच आहे. ताऱ्यांना मागे टाकून जात असेल तर दुसऱ्या चौकीला त्याच क्षणी दिशा मोजायला सांगावं आणि मग रडार चालकाला उठवावं.